दुभाष्याच्या तोंडचा पूल

लोकसभेचा निकाल लागला की दोन-चार दिवसांत वैनी आमच्या पायरीवर येऊन बसतात. चहा मागत नाहीत, पाणी मागत नाहीत. पदराने तोंड पुसतात आणि विचारतात, "काऊन भाऊजी, पूल कधी होते?"

जणू पूल मी खिशात घालून फिरतो. निवडून आलेला माणूस दिल्लीला जातो, पडलेला घरी जाऊन झोपतो, आणि पुलाचा जाब द्यायला मी उरतो. मी आयुष्यात साध्या वॉर्डाच्या निवडणुकीला उभा राहिलेलो नाही. आदिलाबादच्या एका जिनिंगमध्ये काट्यावर मुनीम होतो. कापसाच्या गाड्या तोलल्या, गाडीवाल्यांशी आणि व्यापाऱ्यांशी घसा कोरडा केला, आणि वय झालं तेव्हा घरी बसलो. माझा गुन्हा एवढाच की मला चांगली तेलुगू येते.

या वैनी माझ्या सख्ख्या वहिनी नव्हेत. त्यांचे मालक आमच्याच जिनिंगमध्ये हमाली करत, माझ्यापेक्षा मोठे होते, मी त्यांना दादा म्हणायचो. दादा जाऊनही बराच काळ झाला. वैनींचं घर आमच्या घराला लागून, आणि दोन्ही घरं रेल्वे फाटकाला लागून. दादांच्या मागे वैनींनी फाटकावर टोपली मांडली. फाटक लागलं की गाड्या थांबतात, थांबलेली माणसं वैतागतात, आणि वैतागलेला माणूस काहीतरी चावत बसतो. सीताफळ, पेरू, काकडी, उकडलेल्या शेंगा. मालगाडी जितकी रेंगाळते तितकी टोपली लवकर रिकामी होते. म्हणजे फाटकावर पूल झाला तर सगळ्यात आधी वैनींचा धंदा बसणार. हे मी त्यांना एकदा सांगितलं. त्या म्हणाल्या, "धंदा कुठंबी होते भाऊजी. घर कुठंबी होते का?"

त्यांच्या घराचं दुखणं पुढे सांगतो. आधी मी या भानगडीत कसा पडलो ते सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल म्हाताऱ्याला पुढारीपणाची हौस होती.

आमची वस्ती मराठी. सरहद्दीवरच्या गावांतून आमचे आईबाप इथे जिनिंगच्या कामाला आले आणि फाटकाच्या अलीकडे राहिले. गाव फाटकाच्या पलीकडे. दवाखाना, बाजार, कचेऱ्या, सगळं पलीकडे. मतं मात्र दोन्हीकडे, म्हणून पाच वर्षांतून एकदा गाव फाटक ओलांडून आमच्याकडे येतं. चौकातल्या पुतळ्याला हार घालतं, दोन बाकं जोडून स्टेज करतं आणि तेलुगूत बोलतं. एखादा उमेदवार हिंदी बोलून बघायचा, पण त्या हिंदीला मीठच नसायचं. माणसं जांभया द्यायची. अशाच एका सभेत आमच्या शेठनी मला दंडाला धरून स्टेजवर ढकललं. म्हणाले, हा काट्यावर दिवसभर हेच करतो, इकडचं तिकडे सांगतो, याला घ्या.

मी तरुण होतो, लग्नाला फार दिवस झाले नव्हते, आणि बायको बायकांच्या घोळक्यात बसून बघत होती. मी जीव ओतून बोललो. साहेब एक वाक्य बोलायचे, थांबायचे, मी त्याची मराठी करायचो. साहेब म्हणाले, या फाटकावर पूल बांधीन. मी म्हणालो, या फाटकावर पूल बांधीन. टाळ्या पडल्या. साहेबांना पडल्या त्यापेक्षा मला जास्त पडल्या, असं मला तेव्हा वाटलं आणि बरंही वाटलं. माझी आई घरी येऊन म्हणाली, "बापा, येवढा मोठा शब्द देऊन आला तू. आता निभव."

मला वाटलं आई चेष्टा करते. ती चेष्टा करत नव्हती.

आमच्याकडे सोयरीक जुळवताना दोन्ही घरची माणसं देण्याघेण्याचं एकमेकांशी थेट बोलत नाहीत. मध्ये एक माणूस असतो. तो मुलीकडचं मुलाकडे सांगतो, मुलाकडचं मुलीकडे. लग्नात जेवण कमी पडलं, मानपानाचं लुगडं हलकं निघालं, वरात उशिरा आली, तरी कोणी कोणाच्या घरावर चालून जात नाही. सगळे मिळून त्या मधल्या माणसाच्या घरी जातात. "तुमच्या तोंडून शब्द आला होता, आता तुमी पाहा." तो बिचारा स्वतःच्या पदरचं लुगडं देऊन मोकळा होतो. शब्द मुळात कोणाचा होता हे कोणी विचारत नाही. ज्याच्या तोंडून आला त्याचा तो.

वस्तीने मला निमूटपणे त्या मधल्या माणसाच्या जागी बसवलं. सभेतला उमेदवार म्हणजे मुलाकडचा पाहुणा. तो काय, गाडीत बसून आला तसा गेला. मी समोर राहतो. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

त्यानंतरच्या प्रत्येक लोकसभेला मी बोललो. एकाच पक्षासाठी नाही, सगळ्यांसाठी. सकाळी एकाचा पूल बांधला, संध्याकाळी दुसऱ्याचा. बायको म्हणायची, "एकाच फाटकावर इतके पूल झाले तं गाडी जाईन कुठून?" नाही म्हणायची सोय नव्हती. एकासाठी बोललो आणि दुसऱ्याला नकार दिला तर दुसरा म्हणणार, मुनीम पहिल्याचा माणूस आहे. म्हणून मी सगळ्यांचा झालो. लोक म्हणायचे, मुनीमजी निःपक्षपाती आहेत. मी निःपक्षपाती नव्हतो, मी अडकलेलो होतो.

आमच्या मतदारसंघाचा इतिहास कोणी लिहिला तर त्यात विजयी उमेदवार असतील, पक्ष असतील, मतांचे आकडे असतील. मला तो इतिहास घशाने आठवतो. सुरुवातीला कर्णा होता, त्यात ओरडावं लागे. मग माइक आला, पण वीज जायची. मग जनरेटर आला आणि त्याच्या घरघरीवरून ओरडावं लागलं. शिक्का मारायची मतपत्रिका गेली, बटणाचं यंत्र आलं. मीटरगेजची गाडी गेली, मोठी गाडी आली, आणि मालगाडी लांब झाल्यामुळे फाटक जास्त वेळ लागायला लागलं. मतदारसंघ आदिवासींसाठी राखीव झाला. तेव्हा मला मनापासून बरं वाटलं होतं. काट्यावर येणारा एक गोंड शेतकरी माझ्या ओळखीचा होता. म्हटलं, आपलं नाही तर नाही, याच्या तरी गावात काही होईल. पुढे भेटला तेव्हा विचारलं. तो म्हणाला, त्याच्या ओढ्यावरही पूल यायचाच आहे. आम्ही दोघं हसलो, पण मला आतून चीड आली होती.

मग वेगळं राज्य झालं. तेव्हाची सभा मी विसरणार नाही. लोक रडत होते, मीही रडत बोललो. मग जिल्ह्याचे तुकडे झाले, भैंसा आणि बासर निर्मलकडे गेले, पण लोकसभेला ते अजून आमच्यातच येतात. राज्य बदललं, जिल्हा बदलला, भिंतीवरचे रंग बदलले. भाषणातला पूल मात्र होता तिथेच राहिला. ये रे माझ्या मागल्या. गावातल्या दुसऱ्या फाटकांवर कामं निघाली, खांब वर आले. आमच्या वाट्याला आला एक लाल बाण.

आता वैनींचं घर.

एका निवडणुकीच्या आधी मोजणीवाले आले. तिपाईवरच्या दुर्बिणीतून बघितलं, टेप ओढला, आणि वैनींच्या दर्शनी भिंतीवर लाल रंगाने एक बाण काढला. बाणाखाली दोन अक्षरं आणि एक आकडा. आमचं घर हातभराने वाचलं. मोजणीवाल्यांनी वैनींना सांगितलं की पुलाचा उतार इथे येईल, हे घर जाईल, नवं काही बांधू नका. पुढच्याच आठवड्यात सभा झाली आणि माझ्या तोंडून वस्तीला कळलं की ज्याचं घर जाईल त्याला घराला घर मिळेल.

त्या दिवसापासून त्या बाईचं घर ना घरात, ना पुलात. दोन खोल्या, वर पत्रे. पत्र्याला भोकं पडली तर डांबर लावायचं, भिंतीला भेग पडली तर माती लिंपायची. पक्कं काही करायचं नाही. पोरगा वाढला, रिक्षा चालवायला लागला, नेकीने कमावायला लागला. मुलीकडचे बघायला यायचे, पोरगा पसंत पडायचा, आणि निघताना कोणाची तरी नजर भिंतीवर जायची. "हा बाण कायचा?" सोयरीक तिथेच मोडायची. ज्या घराचा उद्या पूल होणार तिथे पोरगी कोण देईल? त्यांचंही चूक नाही म्हणा.

वैनींनी एकदा बाणावर शेणाचा पोतेरा फिरवला. पुढच्या मोजणीला लोक पुन्हा आले आणि तिथेच नवा बाण काढून गेले, पहिल्यापेक्षा ठसठशीत. पाच वर्षांत ऊनपावसाने रंग उडायचा, गुलाबी व्हायचा, दिसेनासा व्हायचा. दिसेनासा झाला की समजायचं, लोकसभा जवळ आली. मोजणीवाले डबा घेऊन येणारच.

मी त्यांच्याबरोबर कचेऱ्यांत गेलो. एका कचेरीने सांगितलं, बाण आमचा नाही, त्यांचा. त्यांनी सांगितलं, बाण आमचा, पण जमीन यांची. तिसरीकडे सांगितलं, पूल मंजूर नाही, त्यामुळे घर जाणार नाही. मी म्हणालो, मग बांधायची परवानगी द्या. ते म्हणाले, परवानगी कशी देणार, भिंतीवर बाण आहे. मी टेबलावर मूठ आपटली. शिपायाने मला बाहेर आणून पाणी पाजलं. वैनी बाहेर बाकावर बसल्या होत्या. त्या मला म्हणाल्या, "तुमाले धड बोलता येत नाई का? सभेत तं लय बोलता."

मला इतका राग आला की परतताना मी त्यांच्याशी बोललो नाही. फाटक लागलेलं होतं. शेजारी मोटारसायकलवर एक माणूस होता, तेलुगू बोलणारा. वैनींनी कमरेच्या पिशवीतून शेंगा काढल्या आणि तिथल्या तिथे त्याला विकल्या. तो किंमत पाडत होता, वैनी त्याला सुनावत होत्या, दोघंही तेलुगूत. मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. बाजारातली तेलुगू, असं मनात म्हणालो. सभेतली तेलुगू म्हणजे वेगळी गोष्ट, तिला माझ्यासारखा माणूस लागतो.

खरं तर सभेतही काही गोष्टी खटकायच्या. साहेबांनी विनोद केला की लोक हसायचे आणि मग मी त्याची मराठी करायचो. मला वाटायचं, साहेबांचे हातवारे बघून हसले असतील. मराठी ऐकून कोणी हसायचं नाही. मला वाटायचं, आपल्याला विनोद जमत नाही.

मागच्या लोकसभेला मी ठरवलं होतं की आता बस. आवाज फाटतो, गुडघे दुखतात, आणि पायरीवर बसून जाब मागणारी बाई काही सुटत नाही. कार्यकर्ते आले तेव्हा मी म्हणालो, "दुसरा कोणी पाहा. आता सगळ्या पोरांले तेलुगू येते, शाळेतच शिकवतात."

वस्तीतली चार मोठी माणसं बरोबर होती. त्यातला एक म्हातारा म्हणाला, "पोरं नाई चालत मुनीमजी. तुमीच पायजे."

"काऊन?"

"पोराच्या शब्दाले काय वजन?"

मी खुळा, मला ते कौतुक वाटलं. धुतलेला सदरा घातला आणि गेलो.

संध्याकाळची सभा होती. हार झाला, घोषणा झाल्या, उमेदवार उभे राहिले. ते वयाने माझ्या मुलाएवढे. चांगलं बोलत होते, मी बरोबरीने मराठी करत होतो. रस्ता झाला, पाणी झालं, आणि मग त्यांनी फाटकाकडे हात केला. मला कळलं, आता पूल येणार. आला. मी तोंड उघडलं आणि बायकांच्या बाजूने आवाज आला, "थांबा."

वैनी उभ्या होत्या. टोपली शेजारणीच्या मांडीवर ठेवून उभ्या.

"साहेब, माह्या घराच्या भितीवर लाल बाण हाय. तो खोटा असन तं पुसून टाका. खरा असन तं पूल बांधा. मले घरावर स्लॅब टाकाचा हाय. पोराचं लगीन अडून राह्यलं. एक काय ते सांगा."

उमेदवारांनी माझ्याकडे बघून तेलुगूत विचारलं, काय म्हणते ही आई?

आजवर मी तेलुगूची मराठी करत आलो होतो. मराठीची तेलुगू करायची वेळ त्या स्टेजवर कधी आली नव्हती, कारण आमच्या बाजूने कोणी काही विचारलंच नव्हतं. टाळ्या वाजवायला भाषा लागत नाही. मी सगळं नीट सांगितलं. बाण, स्लॅब, लग्न, काही गाळलं नाही.

उमेदवार हसले. वाईट हसले नाहीत, मायेने हसले. हात वर करून तेलुगूत म्हणाले, "बांधा ना अम्मा! तुम्हाला अडवणार कोण? पूल येईल तेव्हा येईल, मी काही तुमच्या घराला हात लावू देणार नाही. नेनुन्नानु!"

नेनुन्नानु म्हणजे मी आहे. टाळ्यांचा कडकडाट झाला.

आता माझी पाळी होती. सगळे माझ्याकडे बघत होते. आणि मला एकदम दिसलं की हे वाक्य मी मराठीत बोललो की ही बाई उद्या सिमेंट आणणार. दादांच्या हमालीचं, फाटकावरच्या शेंगांचं, पोराच्या रिक्षाचं जे काही साठलं असेल ते डोक्यावरच्या स्लॅबात ओतणार. आणि एक दिवस कोणीतरी बाण बघून ते पाडणार. तेव्हा हा गोड माणूस दिल्लीत असेल, नाहीतर पडून घरी झोपलेला असेल. आजवर माझ्या तोंडून हवेतले पूल गेले होते, त्यांनी कोणाचं काही पाडलं नव्हतं. हे वाक्य घर पाडणारं होतं.

मी माइक धरला आणि म्हणालो, "साहेब म्हणून राह्यले, बांधा, मी हाय. हे त्यायचं म्हणणं. माही हमी नाई. मी जामीन नाई. उद्या घर पाडलं तं मले धरू नका."

मग असा गदारोळ उठला की विचारू नका. कार्यकर्त्याने माइक ओढून घेतला. "तुमीच पायजे" म्हणणारा तोच म्हातारा खालून ओरडला, "मुनीमजी, तुमचं काम बोलणं पोचवाचं, अक्कल लावाचं नाई!" उमेदवारांना काय झालं ते कळलं नाही, ते हात जोडून गाडीकडे गेले. मी स्टेजवरून उतरलो तेव्हा एका माणसानेही मला हात दिला नाही. माझी बायको पुढे निघून गेली होती.

मंडपाच्या कडेला वैनी टोपली घेऊन उभ्या होत्या. मी म्हणालो, "वैनी, तुमच्या भल्यासाठी बोललो. तो काय म्हणाला ते मी सांगितलं, पण—"

"तो काय म्हणला ते मले समजलं होतं," वैनी म्हणाल्या.

"कसं?"

"कसं म्हणजे? फाटकावर इतकी वर्सं काय मराठीत शेंगा विकून राह्यली का मी? इथं कोणाले तेलुगू समजत नाई, सांगा बरं. सगळ्यायले समजते."

मी मागे वळून बघितलं. मंडपातली माणसं घरी निघाली होती. हमाल, रिक्षावाले, गावातल्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बायका, मुलं. दिवसभर पलीकडच्या गावात तेलुगू बोलणारी आणि तेलुगू ऐकणारी माणसं. आधी हसणारी, आधी टाळ्या वाजवणारी.

"मंग मले काऊन उभं करता?" माझा आवाज फाटला. "इतक्या वर्सांचा घसा फोडला मी. कायले?"

वैनींना माझ्या अज्ञानाचं नवल वाटलं असावं. लहान मुलाला सांगावं तसं त्यांनी सांगितलं, "त्याले कुठं धरू भाऊजी? तो मोटरीत बसून जाते. तुमी शेजारी रायता."

मी घरी येऊन जेवलो नाही. मला कोणाचा जास्त राग आला होता हे आजही सांगता येत नाही. गाडीत बसून जाणाऱ्यांचा, वस्तीचा, की स्वतःला भाषेचा मोठा जाणकार समजणाऱ्या माझा. मी समजत होतो की माझ्याशिवाय यांना काही कळणार नाही. त्यांना सगळं कळत होतं, पहिल्यापासून नसेल, पण कितीतरी वर्षांपासून. प्रत्येक वेळी येणारी थाप त्यांना मूळ तेलुगूतच कळत होती. आणि तरी ते मला उभं करत होते, कारण थाप मारणारा हाताला लागत नाही, मग निदान ती ज्याच्या तोंडून आली तो तरी हाताशी असावा. आईने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. निभव.

दुसऱ्या दिवशी सकाळी वैनी पायरीवर. निकालाच्या आधीच. बायकोने चहा ठेवला, त्यांनी या वेळी घेतला.

"काल तुमी म्हणले, हमी नाई," त्या म्हणाल्या. "बरं. साहेबाचं सोडा. आता तुमी सांगा, तुमच्या मनानं. बांधू का नको?"

मला या प्रश्नाची सवय नव्हती. माझ्या मनाने काय वाटतं ते त्या पायरीवर कोणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, मी सांगून काय होते. त्या म्हणाल्या, सांगा. मी चिडलो, म्हणालो, मी काय रेल्वे आहे का, मी काय सरकार आहे का! त्या चहा पीत बसल्या. बायको आत भांडी आपटत होती, म्हणजे ऐकत होती.

मी दाराबाहेर आलो आणि त्यांच्या भिंतीकडे बघितलं. बाण ताजा होता, निवडणुकीचा. त्याच्या कडेला त्याआधीच्या बाणाची गुलाबी रेघ दिसत होती. पहिला बाण काढला तेव्हा पोरगा त्याच भिंतीला टेकून गोट्या खेळत होता. आता त्याचे कानाजवळचे केस पांढरे व्हायला लागलेत. पूल येईल का? येईलही. गावात दुसरीकडे खांब आले, इथेही कधीतरी येतील. पण येईपर्यंत माणसाने पत्र्याखाली उभं राहून वाट बघायची, हे कोणी ठरवलं? माझ्या तोंडून इतके लोक बोलले, त्यात हे कोणीच बोललं नव्हतं.

"बांधा," मी म्हणालो.

वैनींनी कप खाली ठेवला. "तुमी म्हणून राह्यले?"

"मी."

पावसाच्या आधी स्लॅब पडला. मिक्सर आला, वस्तीतली निम्मी माणसं घमेली द्यायला आली. सभेत माझ्यावर ओरडणारा म्हातारा मिस्त्रीला अक्कल शिकवत होता. वैनींनी सकाळीच आमच्याकडून प्लास्टिकची खुर्ची उचलून नेली, आपल्या दारासमोर बाणाखाली मांडली आणि मला म्हणाल्या, "बसा."

"मी इथं काय करू? मले घमेलं उचलत नाई."

"उचलू नका. बसा."

उन्हात बसलो. डोक्याला टॉवेल गुंडाळला. सिमेंटची धूळ तोंडात जात होती. अंगाची लाही होत होती आणि मनात वैनींपासून दिल्लीपर्यंत सगळ्यांना शिव्या देत होतो. दुपारी भजी आणि वरणभात झाला. पोरगा वरून हात करून म्हणाला, काका, अर्धं झालं.

तेवढ्यात फाटकाच्या बाजूने दोन माणसं आली. पायात बूट, काखेत बॅग. कोणत्या कचेरीची होती ते त्यांनी सांगितलं नाही. भिंतीवरचा बाण बघितला, वर चाललेलं काम बघितलं. मिक्सर बंद झाला. घमेली जिथल्या तिथे थांबली. त्यातल्या एकाने तेलुगूत विचारलं, जरा चढ्या आवाजात, की हे बांधायला कोणी सांगितलं?

तिथे असलेल्या प्रत्येकाला तो प्रश्न कळला होता. वैनी दारात उभ्या होत्या, पदराला हात पुसत. म्हातारा, पोरगा, घमेली घेतलेल्या बायका, सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

मी गुडघ्यावर हात ठेवून उठलो.

"नेनु," मी म्हणालो. मी.

आणि त्याची मराठी करायला मागे कोणाकडे वळलो नाही.